कार्पेट क्लीनिंगचं काम नवीन सुरू केलंय, रेट कसा ठरवायचा? हातात काहीच उरत नाहीये

नवी_सुरुवात:

नमस्कार मंडळी. जरा मोठं लिहितोय, पण सगळं सांगितल्याशिवाय कुणाला नीट सल्ला देता येणार नाही म्हणून. नोकरी सोडून दोन महिने झाले, कार्पेट आणि सोफा क्लीनिंगचं स्वतःचं काम सुरू केलंय. त्याआधी चार महिने एकांच्या हाताखाली राबलो, त्यामुळे काम येतं, हात बसलाय. मशीन घेतलंय, गरम पाणी प्रेशरने मारून लगेच ओढून घेणारं, शिवाय एक चांगलं व्हॅक्यूम, दोन ब्लोअर, लांब पाइप, केमिकलचे कॅन. गाडी आधीपासून होती.

आता रेटचं सांगतो. पाच जणांना गिऱ्हाईक बनून फोन केले, त्यांचे रेट लिहून घेतले, सरासरी काढली आणि त्याच्यापेक्षा २० टक्के खाली लावला. नवीन आहोत, कुणी ओळखत नाही, स्वस्त दिलं तर काम येईल असं वाटलं. आणि काम आलं हो, पहिल्या तीन आठवड्यांत १४ कामं झाली, फोन वाजतोय, लोक खूश आहेत. पण महिनाअखेरीला वही उघडली तर पेट्रोल, केमिकल, मशीनचा हप्ता जाऊन उरलं ते नोकरीतल्या पगाराच्या आसपासही नाही, आणि मी सकाळी सातला बाहेर पडतो ते रात्री आठला घरी येतो. बायको काही बोलत नाही पण वही तिनेही बघितली.

एकच काम सांगतो म्हणजे अंदाज येईल. फोनवर म्हणाले दोन खोल्या आहेत, मी दोन खोल्यांचा भाव सांगितला. गेलो तर तिसरा मजला, लिफ्ट नाही, मशीन दोघांनी उचलून नेलं. खोल्या मोठ्या, त्यात सोफा, टीपॉय, पुस्तकांचं कपाट, ते हलवण्यातच ४० मिनिटं गेली. एका कोपऱ्यात कुत्र्याने सवयीने घाण केलेली, ते फोनवर सांगितलंच नव्हतं. दोन तासांचं काम धरलं होतं, घरातून निघून घरी परत येईपर्यंत सहा तास लागले. पैसे दोन खोल्यांचेच घेतले कारण शब्द दिला होता. आणि दुसऱ्या दिवशी फोन, की डाग परत आला. परत गेलो, फुकट.

तर विचारायचं हे की रेट चौरस फुटावर लावावा, खोलीवर की तासावर? सुरुवातीला डिस्काउंट द्यावा का? आणि गिऱ्हाईक म्हणालं की दुसरा कमी घेतो, तर काय बोलायचं? मला तिथे गप्पच व्हायला होतं आणि मी लगेच कमी करून टाकतो.


हिशोबवाली:

दादा, तुमची पोस्ट वाचली आणि आमची सुरुवात आठवली. मी आणि माझे मिस्टर नऊ वर्षं हेच काम करतोय, ते मशीन चालवतात, मी फोन आणि वही सांभाळते. आम्हीही पहिलं वर्ष असाच आतबट्ट्याचा धंदा केला, म्हणून सविस्तर सांगते.

पहिली गोष्ट, दुसऱ्याच्या रेटवरून स्वतःचा रेट काढू नका. त्याचं मशीन फिटलेलं असेल, त्याच्याकडे दोन माणसं असतील, किंवा तोही तुमच्यासारखाच बुडत असेल आणि त्यालाच अजून कळलं नसेल. पाच बुडणाऱ्यांची सरासरी काढून त्याच्या २० टक्के खाली गेलात तर काय होणार. बाजारातला रेट माहीत असावा, पण आपला आकडा आपल्या वहीतून यायला हवा.

वहीत काय लिहायचं तर तास. पैसे नंतर. एक आठवडा प्रत्येक कामाचा प्रत्येक तुकडा लिहून काढा. गाडीत सामान भरलं २० मिनिटं, जायला ३५, खोल्या बघणं आणि बोलणं १५, सामान हलवणं, व्हॅक्यूम (हे कधीच घाईत उरकू नका, कार्पेटमधली बरीचशी घाण कोरडी माती असते, ती कोरडीच निघाली नाही तर पाणी लागल्यावर चिखल होतो), मग स्प्रे मारून दहाएक मिनिटं थांबणं, मग मशीन, मग लव (कार्पेटचे वरचे उभे धागे) एका दिशेला विंचरणं, पाइप गुंडाळणं, पैसे घेणं, परत यायला ३५, आणि घरी येऊन टाकी धुणं. शिवाय रात्री फोटो बघून कोटेशन पाठवणं. यातले गिऱ्हाईक ज्यांचे पैसे देतं असं तुम्हाला वाटतं ते तास किती, तर फक्त मशीन चालतं तेवढे. आमचं पहिल्या वर्षी आठवड्याला ५० तास राबून कार्पेटवरचे तास २४ निघाले होते. मला वाटलं मी चुकीचं लिहिलंय, परत एक आठवडा लिहिलं, तर २५.

आता महिन्याचा पक्का खर्च लिहा. मशीनचा घसारा (चार वर्षं टिकेल असं धरलंत तर किमतीचे ४८ भाग, हप्ता वेगळा आणि घसारा वेगळा हे लक्षात ठेवा), गाडीची दुरुस्ती, इन्शुरन्स, फोन, जाहिरात, पंपाचे सील आणि व्हॅक्यूमची मोटर कधीतरी जातेच त्याची तरतूद. आणि यात स्वतःचा पगार लिहा. उरेल ते माझं, असं करू नका. तुम्ही दुसऱ्याला कामाला ठेवलं असतं तर त्याला जेवढा दिला असता, निदान तेवढा तरी लिहाच.

समजा ही सगळी बेरीज १०० आली आणि कार्पेटवरचे तास महिन्याला १०० आहेत. म्हणजे तुमचा एक तास १ ला पडतो. पण जर तुम्ही राबता ते सगळे २०० तास धरून भागलंत तर तोच तास अर्ध्याला पडतोय असं दिसतं, आणि रेट सरळ निम्मा लागतो. नवीन माणसाचं बहुतेक वेळा इथेच चुकतं. बाकीच्या चुका याच्यापुढे किरकोळ आहेत.

या तासाच्या आकड्यावर केमिकल, पेट्रोल असा त्या कामाचा खर्च चढवा आणि मग नफा. इथेही एक गंमत नाही, घोळ आहे, नीट बघा. खर्च १०० आणि वर ३० टक्के चढवले की १३० होतात. माणसाला वाटतं ३० टक्के नफा झाला. पण १३० मधले ३० म्हणजे २३ टक्केच. ज्यांना खरंच ३० टक्के उरवायचे आहेत त्यांनी १०० ला ०.७० ने भागायचं, १४३ येतात.

मग आपला वेग मोजा. घड्याळ लावून. सामान असलेल्या घरात तासाला किती चौरस फूट होतं, रिकाम्या खोलीत किती. तासाचा आकडा भागिले तासाचे चौरस फूट, हा तुमचा चौरस फुटाचा रेट. तो वहीत आतल्या पानावर लिहून ठेवा. गिऱ्हाईकाला कसा सांगायचा हा पुढचा प्रश्न.

आणि मिनिमम चार्ज. हे आजच लावा, बाकी काही नाही केलंत तरी चालेल. एक लहान गालिचा धुवायला गेलात तरी गाडी भरणं, जाणं, येणं, टाकी धुणं तेवढंच आहे. आम्ही दीड तासाच्या खाली कुठल्याही कामाला जात नाही. फोनवर मी सरळ सांगते, एवढ्याच्या खाली आमची गाडी निघत नाही, तेवढ्यात तुमची अजून एक खोली किंवा दोन खुर्च्या बसतात, करून घ्या. दहातले सहा जण करून घेतात.


मोजपट्टी:

ताईंचं सगळं पटलं, फक्त गिऱ्हाईकाला चौरस फूट सांगू नका एवढं माझं म्हणणं. लोकांना स्वतःची खोली किती फुटांची ते माहीत नसतं, ते आकडा ऐकून घाबरतात किंवा मोजण्यावरून वाद घालतात. मी खोलीवर सांगतो. दहा वर्षं झाली, काही अडत नाही.


हिशोबवाली:

मोजपट्टी दादा, खोलीवर सांगायला माझी हरकत नाहीच, आम्हीही घरांना खोलीवरच सांगतो. पण खोली म्हणजे किती ते आधी सांगावं लागतं. ९ बाय १० ची खोली ९० फूट आणि १६ बाय २० चा हॉल ३२०, साडेतीन पट. दोन्हीला एकच भाव लावला तर लहान खोलीवाला पळतो आणि मोठ्या हॉलवाला धावत येतो, म्हणजे नेमकी तोट्याचीच कामं आपल्याकडे गोळा होतात. म्हणून आमचं वाक्य ठरलेलं आहे, एक खोली म्हणजे २०० चौरस फुटांपर्यंत, त्याच्यावर गेलं की दोन खोल्या. गेल्यावर टेप लावतो, त्यांच्या समोर. जिना वेगळा, पायरीवर मोजतो, कारण तिथे मशीनची मोठी कांडी (पाणी मारून ओढून घेणारी, कार्पेटवर फिरवायची नळी) चालत नाही, हातातल्या लहान टूलने एक एक पायरी करावी लागते आणि कंबर जाते.

तासावर मात्र घरगुती गिऱ्हाईकाला सांगू नका. एकतर ते घड्याळाकडे बघत उभे राहतात, आणि दुसरं म्हणजे तुम्ही जसजसे हुशार व्हाल, लवकर उरकाल, तसतसे तुमचेच पैसे कमी होतील.


धागादोरा:

मी मुख्यतः सुट्टे गालिचे धुतो, लोकरीचे, हाताने विणलेले, थोडं फिक्स कार्पेटपण करतो. हिशोब ताईंनी इतका चांगला सांगितलाय की त्यात घालण्यासारखं काही नाही. पण रेटचा अर्धा भाग वहीत असतो आणि अर्धा कार्पेटच्या धाग्यात असतो, तो कुणीतरी सांगायला हवा.

नायलॉन, पॉलिएस्टर, पॉलीप्रोपिलीन ही रोजची कामं. गरम पाणी चालतं, पटकन वाळतं, चूक झाली तरी बहुतेक वेळा सावरता येते. याला तुमचा साधा रेट. लोकर आली की रेट वर गेलाच पाहिजे. लोकरीला जास्त अल्कली चालत नाही, ब्लीच तर तिला विरघळवतंच, प्रथिनांचे डाग काढणारी काही एन्झाइम असतात ती लोकरीलाच खातात कारण लोकरही प्रथिनच आहे. पाणी खूप पिते, वाळायला वेळ लागतो. म्हणजे वेगळं केमिकल, कमी वेग, जास्त ब्लोअर. पाठीला ताग असेल तर आणखी जपून, जास्त भिजवलं की वाळताना तपकिरी छटा वर येते आणि गिऱ्हाईक म्हणतं तुम्ही घाण करून ठेवली.

आणि व्हिस्कोज, म्हणजे लाकडाच्या लगद्यापासून केलेला, रेशमासारखा चमकणारा धागा. याच्याबद्दल मला मनापासून सांगायचंय कारण मी पोळलोय. तिसऱ्या वर्षी एका घरात गेलो, सुंदर चमकदार गालिचा, हात फिरवला की लोण्यासारखा. बाई म्हणाल्या रेशमी आहे. मीही घाईत होतो, मान डोलावली, नेहमीच्या रेटने नेहमीसारखा धुतला. वाळल्यावर लव आडवी पडून ताठ झाली, पिवळसर झाक आली, चमक गेली. मी गुडघ्यावर बसून ब्रशने दीड तास लव उठवायचा प्रयत्न केला, थोडी उठली, पहिल्यासारखी नाही झाली. भरपाई खिशातून दिली, त्या महिन्यात घरी काही नेता आलं नाही. व्हिस्कोज ओला झाला की त्याचा धागा खूप कमजोर होतो, हे मला माहीत होतं, पण तो व्हिस्कोज आहे हे बघायला मी थांबलो नाही.

तेव्हापासून भाव सांगायच्या आधी बघायचं. न दिसणाऱ्या कोपऱ्यातला एक तंतू काढायचा, घरमालकाला विचारून, बाहेर जाऊन चिमट्यात धरून जाळायचा. लोकर आणि रेशीम जळक्या केसांसारखं वासतं आणि राख चुरगळते. सुती आणि व्हिस्कोज कागदासारखं जळतं, कागदासारखाच वास. नायलॉन, पॉलिएस्टर वितळून कडक मणी होतो. चमकतोय रेशमासारखा आणि वास कागदाचा आला की समजायचं. मग रंगाची चाचणी, पांढरं फडकं ओलं करून, जे केमिकल वापरणार तेच लावून, प्रत्येक गडद रंगावर थोडा वेळ दाबून धरायचं. फडक्यावर रंग आला तर ते काम तुमच्या साध्या रेटचं नाही, कदाचित तुमचं कामच नाही. नवीन असताना नाही म्हणायला शिका. नाही म्हटल्याने एका कामाचे पैसे जातात, हो म्हटल्याने कधीकधी महिन्याचे जातात.

तुमचा तो डाग परत आला ना, ती तुमची लबाडी नव्हे आणि गिऱ्हाईकाचीही नव्हे. खाली पाठीपर्यंत मुरलेलं जे असतं ते कार्पेट वाळताना पाण्याबरोबर धाग्याच्या टोकाला चढतं, कंदिलाच्या वातीत तेल चढतं तसं. पाणी कमी मारायचं, कोरडे पास जास्त द्यायचे, म्हणजे पाणी न सोडता नुसती कांडी ओढायची, आणि ब्लोअर लावायचा. तरीही काही डाग वर येतात. म्हणून एक फेरी रेटमध्येच धरून ठेवा. मी दर दहा कामांत एक परत जाणं धरतो आणि तो वेळ दहाही कामांवर वाटून टाकतो. मग परत जावं लागलं तर जिवावर येत नाही, हसत जाता येतं.

कुत्र्यामांजराचं मूत्र हा तर वेगळाच धंदा. वर ओलं दिसतं थाळीएवढं, खाली अस्तरात पसरलेलं असतं त्याच्या दुप्पट. त्यातले क्षार दमट हवेत परत ओलावा धरतात आणि वास परत सुटतो. वरून धुऊन काही होत नाही. अतिनील टॉर्च ठेवा, तिच्या उजेडात मुताचे डाग चमकतात, अंधार करून गिऱ्हाईकाला दाखवा, त्यांनाच धक्का बसतो. याचा भाव डागागणिक वेगळा सांगायचा, आणि वास पूर्ण जाईल असा शब्द द्यायचा नाही. जुन्या मुताने कधीकधी कार्पेटचा रंगच उडालेला असतो, तो धुऊन परत येत नाही, हेही आधी बोलायचं.


एक_गिऱ्हाईक:

मी या धंद्यातली नाही, घरी कार्पेट आहे आणि लहान मुलं आहेत म्हणून हा धागा उघडला. गिऱ्हाईकाच्या बाजूने लिहू का? आम्ही एकदा सगळ्यात स्वस्त फोनवाल्याला बोलावलं. माणूस आला, मशीन लावायच्या आधी सुरू झाला, डागाचे वेगळे, सोफा हलवायचे वेगळे, जास्त मळलंय त्याचे वेगळे, वास येऊ नये त्याचे वेगळे. शेवटी फोनवरच्या अडीच पट झाले आणि सगळं सामान बाहेर काढून ठेवल्यामुळे आम्ही नाही म्हणू शकलो नाही. काम वाईट नव्हतं, पण त्याला परत कधी बोलावलं नाही.

नंतर एक जण आले त्यांनी फोनवरच पाच मिनिटं प्रश्न विचारले. किती खोल्या, मोठी कुठली, प्राणी आहे का, शेवटचं कधी धुतलं, कितवा मजला, गाडी दारापर्यंत येते का, जड सामान काय आहे. फोटो मागवले. मग भाव सांगितला आणि त्यात काय येतं, काय येत नाही ते मेसेज करून पाठवलं. पहिल्यापेक्षा जास्त होता. पण आल्यावर एक पैसा वाढला नाही. जाताना सोफ्याच्या पायाखाली फोमचे तुकडे ठेवले, का म्हणून विचारलं तर म्हणाले ओलं असताना लाकडाचा रंग आणि खिळ्याचा गंज कार्पेटला लागतो, उद्या काढा. चार वर्षं झाली, त्यांनाच बोलावते.

तुम्ही गप्प होता म्हणालात ना, दुसरा कमी घेतो म्हटल्यावर. आम्ही प्रत्येक वेळी भांडायला विचारत नाही हो. कधीकधी खरंच जाणून घ्यायचं असतं की जास्त पैशात जास्त काय मिळतंय. ते सांगितलंत तर बरेच जण ऐकतात.


रात्रपाळी:

थोडं ऑफिसच्या कामाबद्दल, कारण नवीन माणूस घरातून दमला की तिकडे वळतो आणि आगीतून फुफाट्यात पडतो. ऑफिसचा चौरस फुटाचा भाव घरापेक्षा कमीच असतो आणि तो परवडतो सुद्धा, कारण जागा मोकळी असते, एकदा पाइप पसरला की तीन तास तोच. पण घरचा रेट थोडा कमी करून ऑफिसला लावू नका, परत मोजा. रात्री काम, म्हणजे दुसरा दिवस अर्धा झोपेत जातो, तो धरा. पैसे महिना दीड महिन्याने येतात, कधी त्याहून उशिरा, तोपर्यंत पेट्रोल आणि केमिकल तुमच्या खिशातून. माझे एकदा सगळे पैसे दोन ऑफिसांत अडकले होते आणि मशीनच्या हप्त्याला उसने घ्यावे लागले. आता पहिल्या कामाला अर्धे आधी घेतो.

आणि ऑफिसला एकदाच धुण्याचा भाव देऊ नका, वर्षाचा द्या. रिसेप्शन आणि मधला पॅसेज महिन्याला, टेबलांखालचा भाग सहा महिन्यांनी. जिथे पाय पडतात तिथेच मळतं. महिन्याच्या कामाला मी कमी पाण्याची पद्धत वापरतो, ते केमिकल घाणीभोवती सुकून कडक होतं आणि नंतर व्हॅक्यूमने निघतं, तास दोन तासांत वाळतं. वेग जास्त म्हणून भाव कमी देता येतो. खोल मळलेल्याला मात्र गरम पाण्याला पर्याय नाही, तो भाव वेगळा लिहायचा.


नवी_सुरुवात:

सगळ्यांचे खूप आभार, ताई तुमचे विशेष. तीन आठवड्यांनी परत लिहितोय कारण सांगितलेलं केल्याशिवाय नुसतं धन्यवाद म्हणायचं नव्हतं.

तास लिहिले. आठवड्याला ५१ तास घराबाहेर, कार्पेटवर २३. ते पान बघून मी थोडा वेळ नुसता बसलो. मी सगळे ५१ च्या ५१ धरून मनातल्या मनात भागत होतो. पगार स्वतःचा लिहिला, घसारा लिहिला, नवीन रेट जुन्याच्या १.७ पट आला. मला वाटलं आता फोन बंदच होणार.

फोनवर विचारायच्या प्रश्नांचा कागद करून गाडीत आणि घरी दोन्हीकडे चिकटवला. मिनिमम चार्ज लावला. सात जणांना नवीन रेट सांगितला. चार जणांनी काम दिलं, दोघे नाही म्हणाले, एक जण कळवतो म्हणालेत. सातही जण जुन्या रेटला हो म्हणाले असते, म्हणजे ७ झाले असते, आणि आता चार गुणिले १.७ म्हणजे ६.८. जवळजवळ तेवढेच पैसे, तीन कामं कमी, तीन दिवसांचं पेट्रोल आणि केमिकल वाचलं. दोन दिवस संध्याकाळी साडेपाचला घरी होतो. मुलगी म्हणाली आज सुट्टी आहे का.

डिस्काउंटचं विचारलं होतं, त्यावर कुणी बोललं नाही. आणि त्या जुन्या १४ जणांचं काय करू? त्यांनी परत बोलावलं आणि पावणेदोन पट सांगितलं तर त्यांना मी लुबाडतोय असं वाटेल.


हिशोबवाली:

दादा, वाचून फार बरं वाटलं. सगळेच्या सगळे लगेच हो म्हणत असतील तर रेट कमी आहे हे समजायचं, आणि दोघे नाही म्हणाले ते नुकसान धरू नका.

डिस्काउंटचं गणित एकदा मांडून बघा म्हणजे परत मोह होणार नाही. १०० च्या कामात ६० थेट खर्च आणि ४० उरतात. २० टक्के सूट दिली, ८० आले, खर्च तेवढाच, उरले २०. म्हणजे तेवढेच पैसे कमवायला दुप्पट कामं करायची. उलट भाव १० टक्के वाढवला तर ५० उरतात, म्हणजे पाचातलं एक गिऱ्हाईक गेलं तरी तुम्ही जिथल्या तिथे. म्हणून आम्ही पैसे कमी करत नाही, काम कमी करतो. फारच घासाघीस झाली तर म्हणते, बरं, मग आतली खोली पुढच्या वेळी करू, एवढ्यात हॉल आणि पॅसेज बसतो. आणि द्यायचंच असेल तर वस्तू द्या, दारातलं पायपुसणं धुऊन द्या, एक खुर्ची करून द्या. तुमची दहा मिनिटं जातात, रेट जिथला तिथे राहतो. सूट द्यावी ती शेजारच्या दोन घरांनी एकाच दिवशी करून घेतलं तर, कारण तिथे तुमचं जाणं-येणं खरंच वाचतं.

जुन्या १४ जणांना लपवाछपवी करू नका. आत्ताच फोन करून सांगा की सुरुवातीचा भाव होता, तो आता बदलला, पण तुम्ही पहिले होता म्हणून पुढचं एक काम मधल्या भावाने करून देतो, अमुक महिन्यापर्यंत. तारीख सांगाच, नाहीतर तो कायमचा होतो. आमच्याकडे अशांपैकी निम्मे राहिले, आणि त्या निम्म्यांनीच पुढे शेजारीपाजारी आमचं नाव सांगितलं.


धागादोरा:

ताईंना अनुमोदन. फक्त त्या तिसऱ्या मजल्यावरच्या घरी जुन्या काय आणि मधल्या काय, कुठल्याच भावाने जाऊ नका. तिथे अस्तर बदलायला लागणार आहे, ते आधी बोलून घ्या.


नवी_सुरुवात:

त्यांना कालच फोन केला धागादोरा दादा. अस्तराचं समजावलं, वरून धुऊन वास का जात नाही तेही सांगितलं, त्या म्हणाल्या हे पहिल्याच दिवशी सांगायला हवं होतं. खरं आहे. कोपऱ्यातलं अस्तर कापून बदलायचं ठरलं, कापायला आणि परत ताणून बसवायला ओळखीचा कारागीर बोलावलाय, त्याचे पैसे वेगळे त्यांनी मान्य केले.

बाकीच्या तेरातल्या नऊ जणांशी बोललो, पाच जण चालेल म्हणाले, दोघांनी विचार करतो म्हटलं, दोघांनी सरळ नाही म्हटलं पण चिडलं कुणी नाही. उद्या सकाळी एक जिना आणि दोन खोल्या बघायला चाललोय, फोटोत एक गालिचा फारच चमकदार दिसतोय. टेप, चिमटा आणि पांढरं फडकं आत्ताच बॅगेत टाकलंय.